हमालीचा खेळ

व्हिडिओ गेममध्ये चालायला काही लागत नाही. कंट्रोलरवरची दांडी अंगठ्याने पुढे रेटली की नायक चालू लागतो आणि दांडी सोडेपर्यंत चालतच राहतो. वाटेत चिखल असो, दगडधोंडे असोत, त्याचा पाय म्हणून घसरत नाही. अंगावर चार बंदुका, दोन तलवारी आणि वाटेत गोळा केलेलं सतराशे साठ सामान असतं, तरी चालीत फरक पडत नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’, ‘असॅसिन्स क्रीड’, ‘द विचर’ अशा ‘ओपन वर्ल्ड’ खेळांमध्ये नकाशा अफाट असतो, पण दोन मोहिमांमधलं अंतर ही बहुतेक वेळा औपचारिकताच असते. तेवढंही नको असेल, तर ‘फास्ट ट्रॅव्हल’ची सोय असते. नकाशावरचा ठिपका निवडला की पोचलात.

८ नोव्हेंबर २०१९ रोजी प्लेस्टेशन ४ वर आलेल्या ‘डेथ स्ट्रँडिंग’ या जपानी खेळाने नेमकी ही औपचारिकता उचलली आणि तिचाच खेळ केला. फास्ट ट्रॅव्हल यातही आहे, पण त्यात एक खोच आहे: माणूस क्षणात पलीकडे जातो, माल मात्र जात नाही. आणि या खेळात मालाशिवाय पोचण्याला काही अर्थ नाही, कारण नायक सॅम पोर्टर ब्रिजेस हा हमाल आहे. या वस्तीचा माल त्या वस्तीत, मोडतोड न होता पोचवणं हे त्याचं काम.

निघण्याआधीच अर्धा खेळ होऊन जातो. प्रत्येक खोक्याचं वजन किलोंमध्ये दिसतं. कोणतं पाठीवर, कोणतं खांद्याला, कोणतं मांडीला अडकवायचं हे खेळाडूने ठरवायचं. वर शिडी हवी, दोर हवा, बुटांचा जादा जोड हवा, कारण बूट झिजतात आणि पार फाटले की पावलं रक्ताळतात. पाठीवरची चळत जितकी उंच, तितका तोल नाजूक. सॅम एका बाजूला कलू लागला की कंट्रोलरच्या दोन बटणांपैकी योग्य ते दाबून त्याला सावरायचं. उतारावर तर दोन्ही बटणं धरून, पट्टे घट्ट आवळून, एकेक पाऊल टाकायचं. खांद्यावरचं यंत्र समोरची जमीन तपासून तिच्यावर खुणा उमटवतं. नदीत निळं दिसलं तर पाणी घोट्याएवढं, पिवळं असेल तर जपून, लाल असेल तर वाहून जाण्याची तयारी ठेवायची. डोक्यावर दोन हंडे घेऊन ओल्या दगडांवरून येणारी बाई जशी पाऊल टाकण्याआधी नजरेने जागा हेरते, तशी नजर खेळाडूला हळूहळू येते. ती आली नाही, तर सॅम पाण्यात, खोकी प्रवाहात आणि त्याच्या छातीवरच्या काचेच्या कुपीतलं बाळ कंट्रोलरच्या स्पीकरमधून टाहो फोडतं. मग कंट्रोलर हातात धरून खरोखर झुलवायचा. बाळ शांत होतं.

हे बाळ कुठून आलं हे सांगायचं तर गोष्ट सांगावी लागेल, आणि ती गोष्ट थोडक्यात सांगणं भल्याभल्यांना जमलेलं नाही. एका गूढ आपत्तीनंतर जिवंतांचं आणि मृतांचं जग एकमेकांत मिसळलं आहे. अमेरिका मोडून पडली आहे, उरलेली माणसं जमिनीखाली दडून राहतात. पाऊस ज्याला लागेल त्याचं वय झरझर वाढवतो. मालाच्या डब्यांनाही तो गंजवतो. प्रेत वेळेत जाळलं नाही, तर त्यातून स्फोट होऊन अख्खं शहर नाहीसं होऊ शकतं. म्हणून सॅमची सुरुवातीची एक खेप असते ती प्रेताची. राष्ट्राध्यक्ष असलेल्या आईचं शव पाठीवर बांधून तो दूरच्या दाहगृहाकडे निघतो. चितेचं महत्त्व मराठी वाचकाला पटवून द्यावं लागत नाही, पण एखाद्या अमेरिकी खेळाडूला पहिल्याच तासात हे करायला लावणं म्हणजे धाडसच.

या जाळण्याच्या नियमाने खेळातल्या हिंसेचंही गणित बदललं आहे. वाटेत माल लुटणाऱ्या टोळ्या भेटतात. एकेकाळी हमालच असलेली ही माणसं आता खोक्यांच्या व्यसनाने पछाडली आहेत. त्यांना बेशुद्ध पाडता येतं. ठार मारलं, तर मात्र ते प्रेत खेळाडूलाच दाहगृहापर्यंत वाहून न्यावं लागतं. बंदूक चालवण्याला इतका त्रासदायक दंड लावणारा महागडा खेळ विरळाच.

या सगळ्या कष्टांचं फळ काय? माल पोचला की समोर माणसाची प्रकाशातली प्रतिमा उभी राहते, ती आभार मानते, मालाच्या अवस्थेनुसार शेरा मिळतो आणि ‘लाइक’ पदरात पडतात. फेसबुकवर असतो तोच अंगठा. त्याने सॅमचा हमाल म्हणून दर्जा वाढतो, पण बाजारात त्याला काडीची किंमत नाही.

अशा खेळाबद्दल एकमत झालं असतं तरच नवल. जपानच्या ‘फामित्सु’ या साप्ताहिकात चार परीक्षक प्रत्येकी १० पैकी गुण देतात. चौघांनीही १० दिले, म्हणजे ४० पैकी ४०. अमेरिकेत ‘गेमस्पॉट’ने १० पैकी ९ दिले, ‘आयजीएन’ने ६.८, तर ‘जायंट बॉम्ब’ने ५ पैकी २ तारे देऊन वाटेला लावलं. या सगळ्यांची सरासरी काढणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’वर आकडा ८२ च्या घरात स्थिरावला. चांगला पण थोर नव्हे, असा त्याचा अर्थ निघतो, आणि तो साफ फसवा आहे. ८२ गुणांचा खेळ असं ज्यांचं मनापासून मत होतं, अशी माणसं फार थोडी होती. सरासरी निघाली ती भारावलेल्या आणि वैतागलेल्या लोकांची.

गंमत अशी की दोन्ही गट खेळाचं वर्णन अगदी सारखंच करतात. ‘तासन् तास नुसतं चालायचं,’ असं वैतागलेला म्हणतो. भारावलेलाही तेच म्हणतो. कुत्सितपणे त्याला कुरिअर कंपनीत नोकरी करण्याचा खेळ म्हटलं गेलं, आणि आवडणाऱ्यांनी ते बिरुद आनंदाने मिरवलं. भांडण तपशिलाचं नाही. करमणुकीच्या वस्तूने माणसाला राबवावं का, हा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर प्रत्येक जण खेळायला बसण्याआधीच मनात घेऊन आलेला असतो.

त्यातून अपेक्षांचा डोंगर आधीच उभा राहिला होता. खेळाचे कर्ते हिडेओ कोजिमा हे या क्षेत्रातलं बडं प्रस्थ. १९८७ साली ‘मेटल गिअर’ करून त्यांनी शत्रूशी लढण्याऐवजी त्याची नजर चुकवण्यावर खेळ उभा केला, आणि १९९८ च्या ‘मेटल गिअर सॉलिड’ने त्यांचं नाव जगभर झालं. पुढे कोनामी या कंपनीशी त्यांचं बिनसलं. २०१५ च्या ‘गेम अवॉर्ड्स’ सोहळ्यात त्यांच्या खेळाला पारितोषिक मिळालं, तेव्हा कंपनीच्या वकिलाने त्यांना येऊ दिलं नाही, असं सूत्रसंचालक जेफ कीली यांनी मंचावरूनच जाहीर केलं. त्याच डिसेंबरात कोजिमांनी सोनीच्या पाठबळावर स्वतःचा स्टुडिओ थाटला. हाताशी ना कचेरी, ना तंत्रज्ञान. अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘गरिला गेम्स’ने आपल्या इंजिनाचा मूळ कोड करार होण्याआधीच एका पेटीत घालून त्यांच्या हाती ठेवला. पुढे त्या इंजिनाला ‘डेसिमा’ नाव मिळालं, ते नागासाकीजवळच्या देजिमा या बेटावरून. तिथे एकेकाळी डच आणि जपानी व्यापार चालत असे.

जून २०१६ मध्ये पहिली झलक आली. किनाऱ्यावर सॅम झालेला अभिनेता नॉर्मन रीडस उघडावाघडा, हातात अर्भक, भोवती मेलेले खेकडे आणि ‘लो रोअर’ या बँडचं गाणं. कुणालाच काही कळलं नाही, आणि तीन वर्षं लोक तर्क लढवत बसले. मॅड्स मिकेलसेन, लेया सेदू असे चित्रपटांतले चेहरे त्यात दिसू लागले. दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो आणि निकोलस विंडिंग रेफन यांनीही आपले चेहरे पात्रांना उसने दिले. इतकी वाट पाहून हाती काय आलं, तर खोकी. ज्यांना ‘मेटल गिअर’चा पुढचा अवतार हवा होता, त्यांचा संताप समजण्यासारखा आहे.

कोजिमांच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. खेळाच्या सुरुवातीलाच जपानी लेखक कोबो आबे यांच्या दोरावरच्या एका कथेचा आधार घेतला आहे. माणसाची पहिली दोन अवजारं म्हणजे काठी आणि दोर. काठी नकोशा गोष्टीला दूर ठेवायला, दोर हवीशी गोष्ट जवळ आणायला, असा तो विचार. आजवरचे बहुतेक व्हिडिओ गेम काठीचेच आहेत, आपल्याला दोराचा खेळ करायचा आहे, असं कोजिमा मुलाखतींत सांगत राहिले. ट्रम्प यांची भिंत आणि ब्रेक्झिट हे संदर्भही त्यांनी स्वतःच दिले. बोलायला हे फार मोठं आहे. प्रत्यक्षात ते उतरलं कुठे, हे पाहायचं तर पात्रांच्या लांबलचक भाषणांकडे काणाडोळा करावा आणि एखाद्या ओढ्यावरची शिडी पाहावी.

खेळाडू या जगात एकटाच असतो, दुसरा कुणी कधी दिसत नाही. पण त्याने एखाद्या ओढ्यावर शिडी टाकली, कड्यावरून दोर सोडला, पूल बांधला, तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी जगात उगवतो. त्या भागाला खेळातल्या जाळ्याशी जोडलं की अनोळखी लोकांनी उभारलेल्या गोष्टी आपल्याकडेही दिसू लागतात, आणि प्रत्येकीवर बांधणाऱ्याचं नाव असतं. ज्या उतारावरून पुष्कळ खेळाडू गेले, तिथे गवत दबून पायवाट पडते. मधल्या प्रदेशात मोठा रस्ता बांधायचा असतो. त्याच्या एकेका टप्प्याला धातू आणि सिरॅमिक इतकं लागतं की एकट्याने ओढून जीव मेटाकुटीला यावा. थोडं आपण टाकायचं, थोडं कुणीतरी टाकतं. पाऊस हे सगळं हळूहळू कुजवतो, तेव्हा डागडुजीही आलीच.

रात्री पाठ वाकवून, हिमवादळात वाट चुकून, शेवटी कड्याच्या तोंडाशी यावं आणि तिथे कुणीतरी लावून ठेवलेला दोर दिसावा, हा अनुभव ‘डेथ स्ट्रँडिंग’च्या चाहत्यांकडून हमखास ऐकायला मिळतो. इथे त्यांचा दावा खरा मानायला हवा. नेटवर्कवर खेळल्या जाणाऱ्या खेळांत अनोळखी माणूस हा सहसा गोळी घालणारा किंवा शिव्या देणारा असतो. इथे तो शिडी ठेवून निघून गेलेला असतो. त्याला त्रास द्यावा असं वाटलं, तरी खेळाने तशी फारशी सोयच ठेवलेली नाही.

टीकाकारांची बाजूही लेचीपेची नाही. दर खेपेच्या शेवटी त्याच त्या चित्रफिती, त्याच आभाराच्या ओळी, आणि पुढे जाण्यासाठी तेच बटण पुनःपुन्हा दाबणं. यात कलात्मक कष्ट वगैरे काही नाही, ही निव्वळ गैरसोय आहे. पात्रांची नावंच त्यांची कुंडली सांगतात. हार्टमन नावाच्या माणसाचं हृदय दर २१ मिनिटांनी थांबतं, तीन मिनिटं तो मेलेला असतो, तेवढ्यात परलोकात बायकामुलीला शोधून परत येतो. कल्पना विलक्षण आहे, पण ती उलगडून सांगण्याचा सोस इतका, की खेळाडूच्या हाती शोधायला काही उरत नाही. शेवटाकडे तर चित्रपटच सुरू होतो आणि कंट्रोलर मांडीवर पडून राहतो. जगबुडीनंतरच्या अमेरिकेत सॅम पाण्याच्या बाटलीतून मॉन्स्टर एनर्जी पितो, या जाहिरातबाजीवर तर चाहत्यांनीही डोळे मिटून घेतले.

चाहत्यांतही पुन्हा तट आहेत. एका गटाला सुरुवातीचा भाग प्रिय: दोन बूट, एक शिडी, उघडा माळ. आइसलँडच्या धर्तीवर रचलेल्या त्या काळ्याहिरव्या दऱ्यांतून उतरताना दूरवर वस्ती दिसते, कॅमेरा मागे सरतो, गाणं सुरू होतं. हा गट त्यासाठीच खेळतो. दुसऱ्या गटाला यात अभियंता व्हायचं असतं. डोंगरमाथ्यांवर झिपलाइनचे खांब रोवायचे, असं जाळं विणायचं की पाय जमिनीला लागूच नयेत. पहिल्या गटाच्या मते दुसऱ्याने खेळाचा जीवच काढून घेतला, आणि दुसऱ्याच्या मते चालणं ही सोडवायची अडचण आहे, पुजायची मूर्ती नव्हे. खेळाने दोघांनाही मुभा दिली आहे, हा त्याचा मोठेपणा. तिसरा गट फक्त गोष्टीसाठी आलेला असतो. त्याच्यासाठी अगदी सोपी पातळी मुद्दाम ठेवलेली आहे.

मतभेदाला लवकरच हाणामारीचं रूप आलं. मेटाक्रिटिकवर सर्वसामान्य खेळाडूंनाही गुण देता येतात. तिथे शून्यांचा आणि दहांचा पाऊस पडला. यातल्या कितींनी खेळ खरोखर खेळला होता, हा प्रश्नच होता. शेवटी डिसेंबर २०१९ मध्ये संकेतस्थळाने संशयास्पद ठरवून हजारो प्रतिकूल नोंदी काढून टाकल्या आणि खेळाडूंची सरासरी एकदम वर चढली. पुढच्या वर्षी ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागावरून असाच गोंधळ झाल्यावर मेटाक्रिटिकने नियम केला: खेळ बाजारात आल्यावर खेळाडूंना गुण देण्यासाठी ३६ तास थांबावं लागेल. कोजिमांनीही आगीत तेल ओतलं. आपला खेळ युरोप आणि जपानमध्ये वाखाणला गेला, अमेरिकेत टीका जास्त झाली, कारण तिथल्या लोकांना बंदुकीच्या नळीमागून जग पाहायची सवय आहे, अशा आशयाचं ते एका इटालियन मुलाखतीत बोलून गेले. हे अर्धवट खरं आहे. गेमस्पॉट अमेरिकीच आणि त्याचे ९ गुणही अमेरिकीच. त्याच डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या गेम अवॉर्ड्समध्ये या खेळाला दहा नामांकनं होती आणि दिग्दर्शन, संगीत आणि मिकेलसेन यांचा अभिनय अशी तीन पारितोषिकं त्याने नेली. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान ‘सेकिरो’ला मिळाला.

मग मार्च २०२० आला. लोक दारं लावून घरात बसले आणि बाहेर फिरत होते ते फक्त माल पोचवणारे. खेळातलं चित्र इतकं तंतोतंत बाहेर उतरलं की पूर्वी नाकं मुरडणाऱ्या काहींनी तो पुन्हा काढून पाहिला. १४ जुलै २०२० रोजी संगणकावरची आवृत्ती आली आणि स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात खेळाडूंचे अभिप्राय बहुतांशी अनुकूल राहिले. महामारीचं श्रेय यात थोडं असेलही. पण साधं कारण असं, की एव्हाना ज्याने हा खेळ घेतला त्याला आपण काय विकत घेतोय हे ठाऊक होतं. चालणं नको असलेल्यांनी पैसेच खर्चले नाहीत. मार्च २०२५ पर्यंत खेळाडूंचा आकडा दोन कोटींवर पोचल्याचं स्टुडिओने जाहीर केलं.

२४ सप्टेंबर २०२१ ला प्लेस्टेशन ५ साठी ‘डायरेक्टर्स कट’ आला. हे नाव कोजिमांना स्वतःलाच रुचलं नव्हतं. यात कापलेलं काही परत जोडलेलं नाही, नव्याने केलेलं वाढवलं आहे, अशी त्यांची तक्रार. मॉन्स्टर एनर्जी गेलं. मालाची फेक करणारी तोफ आली, माल वाहणारा यंत्रमानव आला, गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅकसुद्धा आला. नवख्याला हायसं वाटावं अशाच या सोयी होत्या. मूळ खेळाच्या कट्टर भक्तांना मात्र त्या नको तितक्या वाटल्या.

पुढच्या भागाबाबतचा एक किस्सा त्यात संगीत देणाऱ्या वुडकिड या फ्रेंच कलावंताने २०२५ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ला सांगितला आहे. खेळ तयार होत असताना चाचणीसाठी बसवलेल्या खेळाडूंचे अभिप्राय फारच चांगले येऊ लागले. कोजिमा खूश होण्याऐवजी चिंतेत पडले. सगळ्यांनाच आवडतंय, याचा अर्थ आपण आधीच चावलेला घास देतोय, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी कथेतल्या काही गोष्टी बदलल्या. हे पूर्ण खरं मानायचं की त्यात थोडी कलावंताची मिरवणूक धरायची, ते ज्याचं त्याने ठरवावं. स्वतःची प्रतिमा जपण्यात कोजिमा काही कच्चे नाहीत.

‘डेथ स्ट्रँडिंग २’ हा खेळ २६ जून २०२५ रोजी आला आणि परीक्षकांची सरासरी नव्वदीच्या आसपास गेली. मेक्सिकोत सुरू होऊन तो ऑस्ट्रेलियात जातो. वाहनं लवकर हाती येतात, शस्त्रं भरपूर आहेत, पहिल्या भागातली बटणांची कटकट बरीच कमी झाली आहे. पहिला भाग अर्ध्यावर टाकलेले काही जण यात रमले. मात्र आता कुरकुर दुसरीकडून ऐकू येऊ लागली: गाडीत माल भरला की डोंगर सरळ चढून जाता येतो, शिडी पाठीवर नुसती मिरवायला उरते, आणि वाटेत इतरांनी बांधलेल्या पुलांची इतकी गर्दी की नदीची खोली पाहायची वेळच येत नाही. या मंडळींनी आपल्यापुरता तोडगा काढला आहे. गाडी गॅरेजमध्ये ठेवायची आणि सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क बंद करायचं. मग दुसऱ्या कुणाचा पूल नाही, दोर नाही, रस्त्यासाठी कुणाचं सिरॅमिकही नाही. सगळा माल एकट्याने ओढायचा.